धूर वेगाचा की ओझ्याचा?

वाफेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीत धूर सोडणारे उपकरण आणि डिजिटल नियंत्रण ही दोन्ही एकत्र नांदवायची झाली, तर कोणती तार कुठे जोडायची एवढ्यावर प्रश्न संपत नाही. धुराड्यातून धूर केव्हा निघावा आणि केव्हा निघू नये, हे कोणी ठरवायचे, हा त्यामागचा खरा वाद आहे. आणि मुंबईत तो मांडायला लोअर परळइतकी योग्य जागा नाही, कारण पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा कारखाना आणि मध्य रेल्वेचा, मूळचा जीआयपी कंपनीचा, परळचा कारखाना या दोहोंत काम करणारी माणसे पिढ्यानपिढ्या याच वस्तीत राहत आली आहेत आणि इंजिन, डबा, फिटर, मिस्त्री हे शब्द येथील घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत.

पुढील संवादातले दोन वक्ते ही विशिष्ट माणसे नव्हेत. या छंदात आढळणाऱ्या दोन मतांना दिलेली ती दोन रूपे आहेत. पहिले मत परळच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींच्या तोंडी घातले आहे, ज्यांनी उमेदवारीच्या काळात वाफेची इंजिने उघडलेली पाहिली आणि जे आता ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत १:८७ या प्रमाणाची, म्हणजे मुळाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या लांबी-रुंदीची, इंजिने चालवतात. दुसरे मत त्याच चाळीत वाढलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या तरुणाचे आहे. तो मिस्त्रींना काका म्हणतो आणि त्यांच्या जुन्या इंजिनांत डिकोडर बसवून द्यायला तयार आहे.

मिस्त्रींचा पहिला आक्षेप असा, की जुन्या पद्धतीत बिघडलेले काहीच नाही. त्या पद्धतीत दोन रुळांमधून शून्य ते बारा व्होल्टपर्यंतचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, म्हणजे डीसी, सोडला जातो; व्होल्टेज वाढवले की मोटार जोरात फिरते, रुळांवरची अधिक-उणे बाजू उलटवली की गाडी मागे जाते, आणि स्मोक युनिट, म्हणजे धूर सोडणारे उपकरण, थेट त्याच रुळांवरून वीज घेत असल्याने वेगाबरोबर धूरही वाढतो. “अरे, एक नॉब फिरवला की गाडी पळते, धूर वाढतो, नॉब मागे घेतला की दोन्ही थांबतात,” असे ते म्हणतात. “मधे कुणी दुभाषा नाही. त्या तुझ्या डिकोडरला सगळे आधी शिकवावे लागणार आणि तो बिघडला तर गाडी जागची हलणार नाही.”

तरुणाचे उत्तर शहराच्याच इतिहासातून येते. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर, आणि त्या जातीच्या गाड्यांत वेग आवरण्यासाठी मोठमोठे रोध वापरून वीज उष्णतेच्या रूपाने जाळावी लागे. पुढे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांनी २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मार्गांनी २०१६ पर्यंत २५,००० व्होल्टच्या एसीकडे, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या प्रवाहाकडे, आपले रूपांतर पूर्ण केले, आणि आजच्या लोकलमध्ये तारेतली वीज व मोटार यांच्या मधे इलेक्ट्रॉनिक दुभाषा बसलेला आहेच. “काका, तुम्ही रोज ज्या गाडीने दादरला जाता, तीही नॉब आणि मोटार यांच्या सरळ नात्यावर चालत नाही,” हे त्याचे म्हणणे. मिस्त्री त्यावर एवढेच म्हणतात, की लोकलला धुराडे नाही. हे उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी ते नेमके दुखण्यावर बोट ठेवते, कारण डिजिटल पद्धतीची अडचण मोटारीपाशी सुरू होत नाही, ती धुराड्यापाशीच सुरू होते.

ती अडचण समजण्यासाठी डिजिटल कमांड कंट्रोल, छांदिष्टांच्या बोलीत डीसीसी, म्हणजे काय ते पाहायला हवे. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या रचनेवर आधारलेले तिचे मानक अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९०च्या दशकात स्वीकारले. या पद्धतीत रुळांमध्ये कायम पूर्ण व्होल्टेज असते, १:८७ प्रमाणासाठी साधारण १४ ते १६ व्होल्ट, आणि त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत राहते. आज्ञा दडलेली असते ती या पालटण्याच्या कालावधीत. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो ‘एक’, आणि शंभर किंवा अधिक मायक्रोसेकंदांचे असेल तर तो ‘शून्य’, अशा एक-शून्यांच्या माळेतून आपल्या क्रमांकासाठी आलेला संदेश तेवढा इंजिनातील डिकोडर, म्हणजे नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी, वेगळा काढतो आणि त्यानुसार मोटार, दिवे व इतर उपकरणे चालवतो. एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालू शकतात ती यामुळे.

आता स्मोक युनिट. जर्मनीच्या झॉयथे कंपनीमुळे प्रसिद्ध झालेला त्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे धुराड्यात बसणारी धातूची एक बारीक नळी: तिच्यात तेलाचे काही थेंब घातले जातात, आतल्या केसासारख्या नलिकेतून ते वर चढतात, त्या नलिकेवर गुंडाळलेली रोधतार तापली की त्यांची वाफ होते, आणि बाहेरच्या हवेत आल्याबरोबर त्या वाफेचे बारीक थेंब बनून पांढरी रेघ दिसू लागते. या रेघेत जळण्याचा अंशही नसतो. ते तेलाचे धुके असते. असे युनिट जुन्या सवयीने थेट चाकांकडून येणाऱ्या तारांना जोडलेले राहिले आणि इंजिन डिजिटल रुळांवर ठेवले, तर गाडी उभी असो वा धावत असो, तार सतत पूर्ण तापत राहते, तेल काही मिनिटांत संपते आणि कोरडी पडलेली तार जळते. तेवढ्यात भोवतालचे प्लॅस्टिकचे धुराडेही वाकडे होऊ शकते.

तरुण हे आकड्यांत मांडतो. १२ व्होल्टला १२० मिलिअँपिअर प्रवाह घेणाऱ्या युनिटचा रोध १०० ओहम होतो आणि त्यात सुमारे १.४४ वॅट उष्णता निर्माण होते. तेच युनिट १६ व्होल्टवर गेले की प्रवाह १६० मिलिअँपिअर आणि उष्णता २.५६ वॅट, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. वेगाच्या नॉबवर ज्याला क्वचितच पूर्ण व्होल्टेज मिळत असे, त्या उपकरणावर हा भार न थांबता पडतो. “मग काका, तुमचा तो सरळ संबंध येथे इंजिनाचाच घात करतो,” असे तो म्हणतो, आणि या मुद्द्यापुरते त्याचे म्हणणे निर्विवाद आहे.

त्याचा उपाय असा, की युनिटच्या दोन्ही तारा चाकांपासून तोडून डिकोडरच्या फंक्शन आउटपुटला, म्हणजे जादा उपकरणांसाठी ठेवलेल्या जोडणीला, द्याव्यात. तारांचे रंग मानकाने ठरवून दिलेले आहेत: लाल आणि काळी तार रुळांकडून वीज आणते, नारिंगी आणि करडी मोटारीला जाते, पांढरी व पिवळी पुढच्या-मागच्या दिव्यांना, निळी ही सर्व उपकरणांची सामाईक अधिक बाजू, आणि हिरवी हे मोकळे फंक्शन; स्मोक युनिट निळी आणि हिरवी यांच्या मधे बसते. मात्र लहान डिकोडरच्या एका आउटपुटची ताकद कधीकधी शंभर-दीडशे मिलिअँपिअरच असते, त्यामुळे डिकोडरबरोबर आलेला कागद न वाचता केलेली जोडणी डिकोडर जाळते. वरील युनिटसाठी ४ व्होल्ट उतरवणारा ३३ ओहमचा रोध मालिकेत घालावा. त्यात अर्ध्या वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होत असल्याने तो किमान एक वॅटचा असावा आणि प्लॅस्टिकपासून दूर बसवावा. ज्या डिकोडरमध्ये आउटपुटची वीज तुकड्या-तुकड्यांनी देऊन तिची तीव्रता कमी करण्याची सोय असते, तेथे हेच काम सीव्ही, म्हणजे डिकोडरच्या स्मृतीत साठवलेले ठरावीक आकडे, बदलून होते. आउटपुट अपुरे असेल तर मधे छोटा रिले किंवा ट्रान्झिस्टर घालावा. यातला प्रत्येक सुटा भाग लोअर परळहून तिसऱ्या स्थानकावर, ग्रँट रोडला, उतरून लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

जोडणीच्या एका टप्प्यावर मात्र तरुणाने मिस्त्रींचे ऐकावे हे बरे. पुष्कळ जुन्या इंजिनांत स्मोक युनिटची एक बाजू स्वतंत्र तारेने न येता इंजिनाच्या धातूच्या अंगातूनच परत जाते, आणि मोटारीचा एक ब्रशही त्याच अंगाला टेकलेला असतो. डिजिटल पद्धतीत मोटार आणि रूळ यांच्यात असा लपलेला संपर्क राहिला तर पहिल्याच क्षणी डिकोडर जातो. असा संपर्क शोधायला नजर आणि बोट लागते. मिस्त्री मोटार काढून पाहतात, ब्रशधारकाखाली फायबरचा तुकडा सरकवतात, युनिटच्या बाहेरच्या नळीभोवती उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप गुंडाळतात, आणि मग मल्टिमीटरचे एक टोक ब्रशला व दुसरे प्रत्येक चाकाला लावून कोठेही सलगता नाही याची खात्री करून घेतात. डिकोडर बॉयलरमध्ये युनिटच्या शेजारी न ठेवता मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, ठेवावा हा सल्लाही त्यांचाच, कारण अंगातून वाहणारी उष्णता कुठवर पोहोचते हे त्यांना हाताने ठाऊक आहे.

येथवर वाद जोडणीचा होता. तो तत्त्वाचा होतो तेव्हा तरुण मिस्त्रींना त्यांच्याच क्षेत्रातला प्रश्न विचारतो: “काका, खऱ्या इंजिनाचा धूर केव्हा सर्वांत जास्त असायचा?”

मिस्त्रींचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण या लेखाचा सगळा भार त्यावर आहे. गाडी सुटताना ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे वाफेचा झडपदांडा, उघडतो आणि सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या जवळजवळ पूर्ण धावेपर्यंत वाफ भरू देतो. काम झालेली ती वाफ मोठ्या दाबानेच ब्लास्ट पाइपमधून धुराड्यात सुटते, जाताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते, आणि त्या ओढीने भट्टीत ताजी हवा शिरून आग फुलते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ लागत असल्याने चाकाच्या एका फेऱ्यात असे चार फटकारे बसतात, आणि जड गाडी हलताना प्रत्येक फटकारा वेगळा ऐकू येतो, वेगळा दिसतो. गाडीने वेग घेतला की वाफ लवकर तोडली जाते, फटकारे एकमेकांत मिसळतात आणि मऊ होतात. उतारावर रेग्युलेटर बंद केला की सिलिंडरमधून काहीच बाहेर येत नाही, गाडी कितीही वेगात असली तरी. आणि स्थानकात उभ्या इंजिनाच्या धुराड्यातून ब्लोअरच्या, म्हणजे आग जिवंत ठेवणाऱ्या बारीक वाफेच्या झोताच्या, आधाराने पातळसा धूर वर जात राहतो.

हे उत्तर देताना मिस्त्रींनी आपल्या पहिल्या आक्षेपाचा पाया आपल्याच हातांनी काढून घेतला. जुन्या पद्धतीत गाडी सुटताना व्होल्टेज सर्वांत कमी असते, म्हणून जेथे धूर सर्वांत दाट हवा तेथे तो नसतो. पूर्ण वेगात व्होल्टेज सर्वांत जास्त, म्हणून जेथे तो विरळ हवा तेथे लोट निघतात. आणि उभ्या इंजिनाचे धुराडे थंड पडते. नॉब आणि धूर यांचा संबंध सरळ होता खरा, परंतु तो वेगाशी होता, आणि खऱ्या इंजिनाचा धूर ओझ्याशी बांधलेला असतो. तो इंजिनाच्या श्रमाचे माप आहे. प्रतिकृतीत धूर ठेवायचा असेल तर तो याच कारणासाठी ठेवावा; निव्वळ पांढरी रेघ दिसावी म्हणून एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

मिस्त्री हरलेले नाहीत. “ठीक आहे, पण तू काय दिलेस?” ते विचारतात. “एक बटण. दाबले की धूर, पुन्हा दाबले की नाही. चढावर तेवढाच, उतारावर तेवढाच. आमचा संबंध उलटा होता, तुझा तर संबंधच नाही.” हा आक्षेप डिजिटलच्या बाजूने बोलणाऱ्या पुष्कळांना अडचणीत टाकील असा आहे, कारण बहुतेक जण डिकोडरला युनिट जोडून, बटण चालले की काम संपले असे समजतात.

तरुणाकडे उत्तर आहे, पण ते पूर्ण व्हायला कष्ट पडतात. फिरती मोटार स्वतःच थोडी वीज निर्माण करते. डिकोडर सेकंदाला अनेकदा क्षणभर मोटारीची वीज तोडून ही उलट वीज मोजतो, त्यावरून प्रत्यक्ष वेग ओळखतो, आणि तो वेग टिकवायला किती वीज द्यावी लागते यावरून इंजिनावरचे ओझे त्याला कळते. चढाव आला, डबे वाढले, तर तेवढ्याच वेगासाठी जास्त वीज लागते. आवाज काढणाऱ्या चांगल्या डिकोडरमध्ये हीच माहिती आवाज जड किंवा हलका करायला वापरतात, आणि काहींत ती धुरापर्यंतही पोहोचवता येते. तापलेली तार लगेच निवत नाही, म्हणून नुसत्या नळीच्या युनिटमध्ये चार फटकारे दाखवणे शक्य नाही. त्यासाठी तेलाच्या टाकीमागे इवलासा पंखा असलेले युनिट लागते, ज्यात उष्णता धुराची दाटी ठरवते आणि पंख्याचा झटका त्याचा ठोका ठरवतो. आसावर लावलेले छोटे चुंबक आणि ते ओळखणारा संवेदक यांच्या मदतीने पंखा चाकाच्या एका फेऱ्यात बरोबर चारदा फुंकर मारतो. १:३२ किंवा १:२२.५ या मोठ्या प्रमाणांत याला जागा भरपूर मिळते. १:८७ मध्ये अशी युनिटे आहेत, परंतु जुन्या इंजिनाचा बॉयलर आतून कोरल्याशिवाय ती बहुधा बसत नाहीत. तेथे मधला मार्ग म्हणजे साधी नळीच ठेवावी, उभ्या स्थितीत तिला मंद वीज द्यावी, सुटताना पूर्ण द्यावी आणि उतारावर बंद करावी. डिकोडर एवढे करू देत नसेल तर चालवणाऱ्याने हे हाताने करावे, फायरमनप्रमाणे पुढचा चढ आधी ओळखून.

एक बाजू अशी आहे जेथे मिस्त्रींचे म्हणणे सर्वस्वी मान्य करावे लागते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत घर मांडलेले, त्यातच पलंगाखालून बाहेर सरकणारा रुळांचा फळा. तेलाचे धुके हवेत विरते असे वाटते, पण ते खाली उतरते: रुळांवर, चाकांवर, भांड्यांवर आणि श्वासात. रुळांवर बसलेल्या तेलकट थरात धूळ आणि मुंबईच्या पावसाळ्यातला दमटपणा मिसळला की चाक आणि रूळ यांचा विद्युतसंपर्क क्षणाक्षणाला तुटू लागतो; जुन्या पद्धतीत इंजिन नुसते अडखळून पुढे जाई, डिजिटलमध्ये मात्र संदेशच हरवतो आणि डिकोडर पुन्हा पहिल्यापासून जागा होतो. म्हणजे स्मोक युनिट ज्या नियंत्रणावर अवलंबून आहे त्याच नियंत्रणाच्या मुळावर ते येते. विजेचा क्षणिक खंड भरून काढणारा कपॅसिटर डिकोडरला जोडून हे सावरता येते, रूळ वरचेवर पुसून टाळता येते, पण खोलीतल्या हवेला कपॅसिटर नाही. खिडकी उघडी ठेवून, लहान मूल किंवा दम्याचा माणूस शेजारी नसताना, थोडी मिनिटेच धूर सोडावा या मिस्त्रींच्या नियमाला पर्याय नाही. तेल जास्त भरले तर उष्णता ते तापवण्यातच खर्ची पडते आणि धूर येत नाही. अशा वेळी आणखी वीज न देता कागदाच्या बारीक वळकटीने जादा तेल टिपून घ्यावे, हेही त्यांचेच सांगणे.

हा सगळा वाद आता प्रतिकृतींपुरता राहिलेला नाही. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावर, ज्याच्या रुळांतले अंतर अवघे ६१० मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये जेमतेम सात, आणि ज्याचा चढ काही ठिकाणी वीसास एक आहे, वाफेची इंजिने १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत धावली आणि मग डिझेलला जागा देऊन निघून गेली. त्याच मार्गावरच्या एनडीएम-१ वर्गाच्या एका डिझेल इंजिनाला परळच्या कारखान्यात वाफेच्या इंजिनाचे रूप देण्याचे काम मध्य रेल्वेने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि त्यात खऱ्यासारखी वाफ व आवाज यांची योजनाही होती. मिस्त्रींना हे सोंग वाटते, कारण ज्या वाफेने चाक फिरत नाही तिला ते वाफ मानत नाहीत. तरुणाला त्यात काही गैर दिसत नाही, कारण रेल्वेने तेच केले जे तो टेबलावर करतो. या लेखाचे मत असे, की नेरळ सोडून जुम्मापट्टीच्या चढाला लागताना ती वाफ दाट झाली आणि परतीच्या उतारावर थांबली, तर डब्यात बसलेल्या मुलाला घाट म्हणजे काय ते कळेल. सगळ्या वाटेवर ती सारखीच सुटत राहिली तर मिस्त्रींचा शब्द खरा ठरेल. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहायला येणाऱ्या मुलांनाही आगगाडी शिकायची आहे, आणि त्यांच्यासाठी खोट्या धुरापेक्षा धूर नसणे चांगले.

म्हणून ज्यांच्या कपाटात धुराडे असलेले जुने इंजिन आहे त्यांनी डिजिटल रुळांवर ते ठेवण्यापूर्वी एक काम अवश्य करावे: बॉयलरचे झाकण काढून स्मोक युनिटची रुळांकडून येणारी तार आधी तोडावी, युनिटचा रोध मोजून कागदावर लिहून ठेवावा आणि मगच डिकोडर विकत घ्यायला जावे. युनिट किती प्रवाह मागते हे त्या आकड्यावरून दुकानातच कळते, आणि कोणता डिकोडर घ्यावा हा प्रश्न तेथेच सुटतो.